पुण्याच्या पेठेत बिऱ्हाड करायचंय? आधी पेठा पायाखाली घाला

भाड्याच्या घरांच्या जाहिरातींत ‘सदाशिव पेठ, प्राइम लोकेशन’ एवढंच लिहिलेलं असतं. खाली खोलीचे तीन फोटो, चौथा फोटो संडासाचा. लातूर, नांदेड, जळगाव किंवा सोलापुरात बसून एवढ्या भांडवलावर डिपॉझिट भरणारे दरवर्षी भेटतात. कुणी नोकरीसाठी येणार असतं, कुणी स्पर्धा परीक्षेसाठी, कुणी मुलीच्या कॉलेजसाठी. पण टिळक रोडला लागून असलेली सदाशिव पेठ वेगळी आणि लक्ष्मी रोडला चिकटलेली वेगळी. एकीकडे रात्री अकराला सामसूम, दुसरीकडे सकाळी अकराला दारातून स्कूटर काढता येत नाही. पिनकोड बघून हे कळत नाही. पेठेचं नाव फार तर दिशा सांगतं. राहणं सुखाचं होईल की नाही हे गल्ली ठरवते, आणि तीही वेळेगणिक बदलते. त्यामुळे खाली जे सांगतोय ते सगळं चालत, विचारत आणि थोडं आगाऊपणे डोकावत करायचं काम आहे. विषय भाड्याच्या घराचा आहे. विकत घेण्याच्या भानगडी स्वतंत्र आहेत.

१. आधी स्वतःचा दिवस कागदावर मांडा

घर शोधण्याआधी रोज कुठे, किती वाजता जायचंय ते लिहा. शिवाजीनगर, कोर्ट, डेक्कन, कॅम्प, पुणे स्टेशन किंवा टिळक रोडवरची कॉलेजं असतील तर पेठेसारखी सोय नाही. अर्धी कामं पायी होतात. पिंपरी-चिंचवडला जायचं असेल तर मेट्रोची जांभळी मार्गिका कामाची. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा तिचा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई ही स्थानकं थेट जुन्या गावाच्या पोटात आली. रामवाडी किंवा कल्याणीनगरकडे नोकरी असेल तर जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरून वनाझ–रामवाडी मार्गिका पकडायची. हे स्थानक जमिनीखाली बरंच खोल आहे. सरकत्या जिन्यांवर आणि गाडी बदलण्यात जाणारा वेळ हिशेबात धरा.

रोज हिंजवडीला जायचं असेल तर पेठेत राहू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. अख्खं शहर ओलांडून जायचं आणि तसंच परत यायचं. तुळशीबागेतल्या स्वस्त खरेदीने त्याची भरपाई होत नाही. चारचाकी असेल आणि ती दाराशी उभी राहायला हवी असेल, तरीही दुसरा भाग बघा.

२. नकाशा डोक्यात बसवा

जुन्या पुण्याचा नकाशा अवघड वाटतो, पण त्याची चौकट सोपी आहे. उत्तरेला आणि पश्चिमेला मुठा नदी. उत्तर-दक्षिण जाणारे दोन रस्ते: बाजीराव रोड आणि शिवाजी रोड. बाजीराव रोडने वाहनं शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे जातात, शिवाजी रोडने स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे येतात. पूर्व-पश्चिम जाणारा लक्ष्मी रोडही एकेरी, अलका टॉकीज चौकाकडे वाहणारा. त्याच्या दक्षिणेला कुमठेकर रोड, उत्तरेला केळकर रोड, आणि सदाशिव पेठेच्या दक्षिण अंगाला टिळक रोड. एवढं पाठ झालं की रिक्षावाल्याला तुम्ही नवखे वाटणार नाही. एकेरी रस्त्यांमुळे जायला पाच मिनिटं आणि यायला पंधरा, असं इथे सर्रास होतं. म्हणून घर बघताना जायचा आणि यायचा रस्ता वेगवेगळा बघा.

पेठांची वस्ती एका दिवसात झालेली नाही. कसबा सर्वांत जुनी. वारांच्या नावांच्या पेठा वेगवेगळ्या काळात वसल्या किंवा त्यांना ती नावं नंतर मिळाली. गुरुवार पेठ पूर्वी वेताळ पेठ होती. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाची, नारायण पेठ नारायणरावांच्या, नाना पेठ नाना फडणवीसांच्या आणि रास्ता पेठ सरदार रास्त्यांच्या. ही नुसती इतिहासाची माहिती नाही. ज्या काळात जी पेठ वसली, त्या काळाच्या गरजेनुसार तिचे रस्ते आखले गेले. कसब्यातले बोळ बैलगाडीलाही अवघड होते. रास्ता पेठेत रस्ते सरळ, काटकोनात भेटणारे आहेत. तुमचा फ्रिज तिसऱ्या मजल्यापर्यंत कसा जाईल याचं उत्तर त्यात दडलंय.

पत्ता विचारताना घर क्रमांक सांगून उपयोग नाही. पेठांत पत्ते देवांवरून आणि तालमींवरून चालतात. खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, चिमण्या गणपती, भिकारदास मारुती, नागनाथ पार, खालकर तालीम हे सगळे सदाशिव पेठेच्या परिसरातले. पत्र्या मारुती नारायण पेठेत, पासोड्या विठोबा बुधवारात, निवडुंग्या विठोबा नाना पेठेत. घर दाखवणाऱ्या एजंटला पहिला प्रश्न हाच टाका: ‘जवळचा मारुती कुठला?’ तो अडखळला तर त्यालाच ती गल्ली माहीत नाही असं समजा.

३. पहिली फेरी: मंडई ते फडके हौद

शनिवार किंवा रविवार टाळा. कामाच्या दिवशी, सकाळी सात वाजता मंडई मेट्रो स्थानकातून बाहेर या. समोर महात्मा फुले मंडईची दगडी इमारत, १८८६ ची. या वेळी भाजी उतरत असते, हातगाड्या आडव्या लागलेल्या असतात आणि मंडईच्या भोवती राहणाऱ्याला रोज सकाळी काय ऐकू येणार हे बिनतिकीट कळतं. मंडई शुक्रवार पेठेत आहे. स्वस्त आणि ताजी भाजी, रात्री उशिरापर्यंत जाग, बस-मेट्रो दोन्ही पायाशी. पण शांतता हवी असणाऱ्याने मंडईपासून दोन गल्ल्या तरी लांब सरकावं, खडकमाळ आळीच्या बाजूला बघावं.

तिथून तुळशीबागेतून बाजीराव रोडला निघा. दुकानं अजून बंद असतील, त्यामुळे बाग चालत ओलांडता येईल. संध्याकाळी सहाला हाच रस्ता पार करायला खांदे लागतात. विश्रामबागवाडा बघत शनिपाराशी या आणि कुमठेकर रोडने पश्चिमेला चला. डावीकडे आत शिरलात की पेरूगेट, भावे स्कूल, आणि मग एकामागून एक अभ्यासिका.

इथे थोडं थांबायला हवं, कारण गेल्या काही वर्षांत सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी पेठेचा चेहरा स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी बदलून टाकला आहे. जुन्या दोन खोल्यांत चार-पाच कॉट, भाडं खोलीचं नव्हे तर कॉटचं. खाली मेस, शेजारी झेरॉक्स, समोर चहाची टपरी आणि रात्री बारालाही अभ्यासिकेतून बाहेर पडणारी मुलं. तुम्ही विद्यार्थी असाल तर या वस्तीसारखा आधार नाही: डबा, पुस्तकं, जुन्या नोट्स, गटचर्चा, सगळं दहा मिनिटांच्या चालण्यात. तुम्ही लहान मूल आणि सासू-सासऱ्यांसह येणार असाल तर इमारतीतल्या किती खोल्या कॉट बेसिसवर आहेत ते मोजा. जिन्यातल्या चपला मोजल्या की आकडा कळतो. मुलं वाईट नसतात, गुणी असतात. पण एका जिन्यावर वीस जण आणि एक पाण्याची टाकी हे गणित कुटुंबाला जाचतं.

पुढे अलका टॉकीज चौकात, म्हणजे टिळक चौकात या. लकडी पुलापलीकडे डेक्कन. नवी पेठ इथून दक्षिणेला आहे. पत्रकार भवन, गांजवे चौक, पूना हॉस्पिटल याच बाजूला. रस्ते तुलनेने मोकळे आहेत, पण वैकुंठ स्मशानभूमीही जवळ आहे. काहींना ते चालत नाही, तेव्हा आधीच विचारून घ्या, नंतर घरातल्या ज्येष्ठांची कुरकुर नको.

परतीला केळकर रोडने नारायण पेठेतून या. केसरीवाडा, मोदी गणपती, माती गणपती असं करत अप्पा बळवंत चौक लागतो. मराठी-इंग्रजी पाठ्यपुस्तकांची बाजारपेठ हीच. जूनमध्ये शाळा उघडताना इथे पाय ठेवायला जागा नसते. चौकाशीच नूमवि, थोड्या अंतरावर हुजूरपागा, तिकडे रमणबाग आणि अहिल्यादेवी. शाळा भरताना आणि सुटताना या सगळ्या रस्त्यांवर रिक्षा आणि व्हॅन उभ्या असतात. तुमची ऑफिसला निघायची वेळ आणि शाळा सुटायची वेळ एकच असेल तर ते आजच कळायला हवं.

चौकातून शनिवारवाड्याकडे, तिथून लाल महाल आणि कसबा गणपती. कसब्यात घाई करू नका. तांबट आळीत आजही तांब्या-पितळेच्या भांड्यांवर हातोडी चालते. दिवसभर तो ठोका कानावर येतो. ऐकायला गोड, पण रात्रपाळी करून दुपारी झोपणाऱ्याला नाही. घरं लहान, शेजार घट्ट, भाडी पश्चिमेकडच्या पेठांपेक्षा सहसा उतरलेली. फडके हौदाशी कसबा पेठ मेट्रो स्थानक आहे. फेरी तिथे संपवा.

बुधवार पेठेविषयी कुजबुजत बोलण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. दगडूशेठ गणपती, तांबडी जोगेश्वरी, तपकीर गल्लीतला इलेक्ट्रिक आणि इलेक्ट्रॉनिक सामानाचा बाजार, पुस्तकांची दुकानं, सगळं याच पेठेत आहे. काही ठराविक गल्ल्यांत वेश्यावस्ती आहे, हेही खरं. त्या गल्ल्या कोणत्या हे एकदा संध्याकाळी स्वतः चालून बघा, म्हणजे अख्ख्या पेठेवर काट मारायची वेळ येणार नाही.

४. दुसरी फेरी: पूर्वेकडच्या पेठा

बाहेरून येणारे बहुतेक जण लक्ष्मी रोडच्या पश्चिम टोकालाच घुटमळतात आणि पूर्वेकडे बघतही नाहीत. तिकडे जागा मोठ्या मिळतात. फडके हौदापासून सोमवार पेठेत शिरा. नागेश्वर मंदिर आणि कोरीव कामाचं त्रिशुंड गणपती मंदिर वाटेत लागतात. पुढे रास्ता पेठ: सरळ रस्ते, केईएम रुग्णालय, ताराचंद रुग्णालय, पुणे स्टेशन हाकेच्या अंतरावर. दाक्षिणात्य कुटुंबांची इथे जुनी वस्ती आहे, त्यामुळे सकाळचा नाश्ता झकास मिळतो. घरात म्हातारं माणूस असेल, रेल्वेने वारंवार जाणं-येणं असेल तर मी आधी रास्ता आणि सोमवार पेठ बघायला सांगेन.

मंगळवार पेठेत महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय आहे, आरटीओ जवळ आहे. दर रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो, त्या दिवशी त्या रस्त्यावरची वाहतूक गृहीत धरू नका.

नाना पेठ गाड्यांच्या सुट्या भागांची. दिवसभर दुचाक्यांची ठोकाठोक आणि ग्रीसचा वास, रात्री आठनंतर एकदम शांत. भवानी पेठेत टिंबर मार्केट आहे, लाकडाच्या वखारी आहेत आणि अग्निशमन दलाचं मुख्यालयही. वखारीला लागून घर घेऊ नका, एवढंच सांगतो. गंज पेठेत महात्मा फुल्यांचा वाडा आहे. राहायला जाल न जाल, तो बघून घ्या. रविवार पेठेत बोहरी आळी आणि कापडगंज. घाऊक बाजार असल्याने राहण्यापेक्षा संसाराची खरेदी करायला ती उत्तम. बादल्या, कुलपं, दोऱ्या, रंग, सगळं एका फेरीत मिळतं.

५. तीच गल्ली, वेगळ्या वेळी

या दोन फेऱ्यांत दोन-तीन गल्ल्या मनात भरतील. आता खरी परीक्षा. त्या गल्लीत पहाटे साडेपाचला, सकाळी दहाला, संध्याकाळी सातला आणि रात्री साडेदहाला जा. चारही वेळा एकाच दिवशी जायची गरज नाही.

पहाटे नळाचा आणि मोटारींचा आवाज कळतो. दहाला रस्त्याची कोंडी कळते. दुपारी एक ते चारमध्ये गेलात तर बऱ्याच दुकानांची शटर खाली दिसतील. पुण्याच्या विनोदांतली ती वामकुक्षी आता पूर्वीइतकी कडक राहिलेली नाही, पण संपलेलीही नाही. रात्री साडेदहाला गाड्या कुठे लागल्यात ते दिसतं, आणि पेठेत तोच सर्वांत मोठा प्रश्न आहे.

रस्त्यावर पी-१, पी-२ च्या पाट्या असतात. विषम तारखेला पी-१ च्या बाजूला गाडी लावायची, सम तारखेला पी-२ च्या. म्हणजे आज रात्री लावलेली दुचाकी सकाळी तारीख बदलल्यावर चुकीच्या बाजूला असू शकते आणि ती उचलणारा टेम्पो साहेबांसारखा वेळेवर येतो. महिन्याच्या ३१ तारखेनंतर १ येते, दोन्ही विषम. त्या एका रात्री गाडीची बाजू बदलायची नाही, हे पेठेतली शाळकरी पोरंही सांगतील.

दुसरा दस्तऐवज म्हणजे फाटकावरच्या पाट्या. हसण्यावारी नेऊ नका, वाचा. ‘फाटकासमोर वाहन लावल्यास हवा सोडली जाईल’ असं लिहिलं असेल तर इथे पार्किंगवरून भांडणं झालेली आहेत. ‘पाणी जपून वापरा, टाकी दुपारी भरत नाही’ असं जिन्यात खडूने लिहिलं असेल तर पाण्याचा प्रश्न आहे. ‘विक्रेत्यांनी १ ते ४ बेल वाजवू नये’ असेल तर इमारतीत ज्येष्ठ नागरिक बहुसंख्य आहेत, तुमच्या घरी शनिवारी रात्री मित्र जमले की खालून निरोप येणारच. पाटीवर अक्षर जुनं, रंग ताजा असेल तर नियम अजून चालू आहे.

६. माहिती कुणाला विचारायची

एजंट सगळ्यात शेवटी. पहिला इस्त्रीवाला. कुठल्या घरातली माणसं पुढच्या महिन्यात जाणार, कुठला मालक दर वर्षी भाडेकरू बदलतो आणि का, हे त्याला माहीत असतं. दुसरी दूध डेअरी, पहाटेची. तिसरा कोपऱ्यावरचा किराणावाला. आधी अर्धा डझन केळी किंवा बिस्किटपुडा घ्या, मग विचारा. पुरुष असेल तर ‘काका’ किंवा ‘दादा’, पोळीभाजी केंद्रातल्या बाईंना ‘मावशी’ नाहीतर ‘काकू’. ‘अंकल’ म्हणालात तर उत्तर आखडतं मिळेल.

विचारण्याची रीतही थोडी लक्षात घ्या. नारायण पेठेतल्या एका ओट्यावर पेपर वाचणाऱ्या गृहस्थांना मी विचारलं, “काका, इथं पाणी कधी येतं?” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “येतं पहाटे. जातं कधी ते विचारा.” त्यानंतर मात्र त्यांनी पाण्याबरोबरच समोरच्या इमारतीची लिफ्ट, वरच्या मजल्यावरची गळती आणि मालकाच्या भावकीतला वादही सांगितला. पेठेतला माणूस पहिल्या वाक्यात तिखट असतो. दुसरं वाक्य ऐकायला थांबा.

७. घर बघताना

खोली नंतर. आधी जिना, मीटरबॉक्स, टाकी आणि गच्ची. वाडे पाडून १९८० च्या आगेमागे बांधलेल्या तीन-चार मजली इमारतींत बऱ्याचदा लिफ्ट नाही. गुडघेदुखी असेल तर तिसरा मजला स्वस्तात मिळतो म्हणून भुलू नका. स्वतःची पाण्याची टाकी आहे की सामाईक, मोटर कोण लावतं, महिन्याचा मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, हे विचारा. खिडकी उघडून हात बाहेर काढा. समोरच्याच्या भिंतीला लागला तर दिवसाही दिवा लावावा लागेल. उन्हाळ्यात पत्र्याखालची खोली, पावसाळ्यात तळमजला, दोन्ही सांभाळून घ्या.

एक कसोटी मी सगळ्यांना सांगतो: रुग्णवाहिका दारापर्यंत येईल का? मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंत चालत जा आणि वाटेतली सर्वांत अरुंद जागा बघा. गाडी येणार नसेल तर स्ट्रेचर किती अंतर उचलावं लागेल, ते मोजा. आजारी माणूस घरात असेल तर बाकी सगळ्या सोयी याच्यापुढे फिक्या.

जुन्या वाड्यातली जागा असेल तर आणखी सावध. सागवानी खांब आणि चौक बघून माणूस हळवा होतो. दरवर्षी पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. अशी नोटीस आली आहे का, हे मालकाला विचारा आणि शेजाऱ्यालाही विचारा. वाड्यात पागडीचे, म्हणजे एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यात राहणारे जुने भाडेकरू आणि मालक यांच्यात दावा चालू असेल तर तुमच्या वाट्याला दुरुस्ती न होणारं छप्पर येतं. शनिवारवाड्याच्या आसपास एक अडचण वेगळी आहे. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत बांधकामावर निर्बंध आहेत. त्यामुळे तिथले कित्येक जुने वाडे पुनर्बांधणीविना टेकू देऊन उभे आहेत. टेकू दिसला की परत फिरा.

८. नदी

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. ती आठवण जुन्या घरांत अजून सांगितली जाते, पण तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते दर पावसाळ्यात घडणारं. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो आणि ती सगळी वाहतूक लकडी पूल आणि पेठांच्या रस्त्यांवर येते. नारायण, शनिवार पेठेच्या अगदी नदीलगतच्या इमारतींत तळमजल्यावर राहणार असाल तर शेजाऱ्यांना विचारा की पाणी कुठवर आलं होतं. बोट दाखवून सांगतात. आंबिल ओढ्याच्या काठाचंही तेच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याला पूर आला, तेव्हा दांडेकर पुलाच्या बाजूला आणि त्याच्या वरच्या अंगाला काय झालं ते अनेकांनी डोळ्यांनी पाहिलंय. नदीपेक्षा ओढा कमी वेळ देतो.

९. पंचांग बघा

गणेशोत्सव पेठेत साजरा होतो असं म्हणणं अपुरं आहे; त्या दहा दिवसांत पेठेचे रस्ते त्याचेच असतात. मानाचे पाचही गणपती इथलेच: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, कुमठेकर, टिळक आणि केळकर या चारही रस्त्यांनी मिरवणुका अलकाच्या चौकाकडे जातात आणि चोवीस तास उलटून गेले तरी संपत नाहीत. या रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यात घर असेल तर गाडी आदल्या दिवशी नदीपलीकडे लावायची, औषधं-दूध भरून ठेवायचं. घर पक्कं करण्याआधी मंडळाचा मांडव नेमका कुठे पडतो ते विचारा. तुमच्या खिडकीखाली स्पीकर की दोन इमारती पलीकडे, हा फरक तान्ह्या बाळाच्या घराला फार मोठा असतो. उत्सवाची आवड असेल तर मात्र याहून चांगली बाल्कनी जगात कुठे नाही.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात आणि तुकाराम महाराजांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाला मुक्कामी असते. त्या दिवसांत त्या दोन पेठांत घराघरांत वारकरी उतरतात. दिवाळीआधीचे पंधरा दिवस लक्ष्मी रोड आणि तुळशीबागेच्या आसपास स्कूटर न्यायचा विचारही करू नका.

१०. करार

भाडेकरार सहसा ११ महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्स पद्धतीचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ‘नुसती नोटरी करू’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा. खर्च फार नसतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के. समजा भाडं १८,००० आणि डिपॉझिट ६०,०००. अकरा महिन्यांचं भाडं १,९८,०००, डिपॉझिटवरचं व्याज ५,५००, बेरीज २,०३,५००. शुल्क साधारण ५०९ रुपये. शिवाय महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आणि करून देणाऱ्याचा मेहनताना. नोंदणी ऑनलाइन, घरबसल्या होते. हा खर्च कोण देणार, एजंटची दलाली एक महिन्याची की अर्ध्या, डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापणार का, हे तोंडी न ठेवता करारात घालून घ्या. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणंही करून घ्या. पुढे तुम्हालाच तो पुरावा कामाला येतो.

जमत असेल तर करार करण्याआधी त्याच पेठेत आठवडाभर कॉट बेसिसवर किंवा साध्या लॉजमध्ये राहून बघा. जून-जुलैत विद्यार्थ्यांची झुंबड असते, मालक घासाघीस ऐकत नाही. परीक्षा आटोपल्यावर, एप्रिल-मेमध्ये खोल्या रिकाम्या होतात, तेव्हा निवडीला वाव मिळतो.

सामान आणायचा टेम्पो मात्र सकाळी सहाच्या आत गल्लीत आला पाहिजे. दिवसा पेठेत मोठ्या वाहनांना बंदीच्या वेळा असतात आणि नऊनंतर छोटा हत्तीही आडवा लावला की मागे रांग लागते. आदल्या दिवशी खालच्या दुकानदाराला सांगून ठेवा, गल्लीच्या तोंडाशी दुचाक्या लावू नका म्हणून दोन पोरांना उभं करा, आणि कपाट दोरीने बाल्कनीतून वर घ्यायचं असेल तर तसे हमाल मंडईच्या आसपास विचारलं की मिळतात.